काचेतला बॉल

रविवारी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, उत्तरेश्वरने गल्ल्यावरची काचेची पेटी खाली उतरवली. लगेच स्वयंपाकघरातून सत्यभामेचा आवाज आला.

"अहो, नुसता पुसा. हातात घेऊन बसू नका."

नळदुर्गजवळच्या हायवेवर त्यांचा ढाबा होता. ढाब्यात देवाच्या तसबिरी दोन आणि पेटी एक. रोज सकाळी उदबत्ती तिघांनाही मिळे. पेटीत एक फुटबॉल होता. चामड्याचा, शिवण उसवलेला, जागोजागी टक्कल पडलेला. त्यावर एकेकाळी गावच्या किल्ला स्पोर्ट्स टीमच्या अकराही खेळाडूंची नावं शाईने लिहिलेली होती. आता त्यातला एक 'ब' तेवढा उरला होता. तो बलभीमअण्णांचा, याबद्दल जुन्या मंडळींत दुमत नव्हतं. बाकी सगळ्याबद्दल होतं.

याच बॉलने बलभीमअण्णांनी सोलापूरच्या गिरणीवाल्यांवर गोल केला होता. किल्ला स्पोर्ट्सने गिरणीवाल्यांना हरवलं ते तेवढ्या एकाच वेळी. त्या गोलावर अण्णांना रेल्वेत नोकरी लागली आणि ते हुबळीला गेले. जाताना एसटी स्टँडवर त्यांनी बॉल उत्तरेश्वरच्या हातात दिला. उत्तरेश्वर काही खेळाडू नव्हता. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, मागे बसायचं आणि बाहेर गेलेला बॉल काट्यांतून आणून द्यायचा, एवढंच त्याचं काम. अण्णा म्हणाले होते, "जपून ठेव रे उत्तऱ्या. परत आलो की घेतो."

मधे पस्तीस वर्षं गेली. आज संध्याकाळी पाच वाजता अण्णा येणार होते.

उत्तरेश्वरने बॉल पुसला, आणि अर्थातच हातात घेऊन बसला. तेवढ्यात माणिकप्पा आले. नळदुर्गात त्यांचं कापडाचं दुकान. आजचा सत्कार त्यांच्याच शालीने होणार होता.

"बघू," म्हणून त्यांनी बॉलला नमस्कार केला. "काय उजवा पाय होता रे माणसाचा!"

"डावा," उत्तरेश्वर म्हणाला.

आता ही कथा पुढे सरकणार नाही. या ढाब्यावर हा विषय निघाला की गिऱ्हाइकांच्या भाकऱ्यासुद्धा थांबतात. तेव्हा आधी गोल होऊन जाऊ द्या.

गोल, माणिकप्पांच्या तोंडून

"मी लाइनीवर बसलो होतो. अण्णानं मधल्या रेषेवरनं बघितलं. बघितलं म्हणजे कसं, भाव करताना गिऱ्हाईक माल बघतंय तसं. आन उजव्या पायानं असा सोडला! अय्यो शिवने! गोली खाली वाकला, वर बघितलं, तवर बॉल जाळीत. उजवा पाय. सरळ. दोरी धरल्यागत सरळ."

गोल, उत्तरेश्वरच्या तोंडून

"सरळ? मी गोलीच्या मागं होतो, माणिकप्पा. तुमाला पाठ दिसत होती, मला तोंड. अण्णाचा डावा बूट फाटला होता. अंगठा बाहेर. त्या अंगठ्यानं मारला. बॉल आधी गेला किल्ल्याच्या बाजूला. समद्यांनी सोडून दिला. आन मग वळला. म्हशी घराकडं वळत्यात तसा वळला."

गोल, सत्यभामेच्या तोंडून

"मी तवा भूमला शाळेत होते, मला काय ठाव न्हाय. पण लग्न झाल्यापासून ऐकतीय. लग्नाच्या वक्ताला ह्यांच्या गोष्टीत अण्णांनी तीन गडी चकवले होते. थोरली झाली तवा पाच. आता हिशेब चौदावर गेलाय. गिरणीची टीम अकराचीच होती म्हणं. वरचे तिघं कुठनं आले कुणास ठाऊक."

झाला गोल. आता पुढे.

"डाव्यानं तसा बॉल वळतच न्हाय," माणिकप्पा म्हणाले. "वळत असंल तर दाखव."

"ह्यो बॉल न्हाय मारायचा."

"हळू मार की. हितं अंगणात. न्हाय तर हरलो म्हण."

उत्तरेश्वर शिवी पचवू शकत होता, उधारी पचवू शकत होता; 'हरलो म्हण' त्याला पचत नसे. त्याने बॉल अंगणात, बाजांच्या मधे ठेवला. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्याच्याही नव्हतं, पण त्याच्या डाव्या पायात पस्तीस वर्षांची एक लाथ साठून राहिली होती. ती सुटली.

चप्पल पत्र्यावर गेली. बॉल बाजांवरून वर गेला, आधी लिंबाच्या बाजूला, आणि मग, खरं सांगायचं तर फार देखणा, वळला. वळून तो जेवून निघालेल्या कांद्याच्या ट्रकवर, पोत्यांच्या बेचक्यात जाऊन बसला.

"बघा!" उत्तरेश्वरने दोन्ही हात वर केले. "वळला का न्हाय? बोला! वळला का न्हाय?"

"वळला," माणिकप्पा हळू आवाजात म्हणाले. "आन निघाला."

ट्रक सोलापूरच्या दिशेने रस्त्याला लागला होता.

मग काय विचारता. माणिकप्पांची जुनी मोपेड, पुढे माणिकप्पा, मागे एका पायात चप्पल घातलेला उत्तरेश्वर, आणि दोघांच्या मधे सत्काराची शाल, कारण ती ठेवायला वेळच झाला नाही. ट्रकला हाका मारून उपयोग नव्हता. चढावर मोपेडलाच हाका माराव्या लागत होत्या.

"लवकर चला की, माणिकप्पा!"

"तू उतर, मग बघ कशी पळती."

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून ट्रक सापडला. ड्रायव्हर बाहेर डोकावला. "काय झालं, मालक? बिल तर दिलंय की!"

"वर आमचा बॉल हाय!"

"वर कांदा हाय. दोन किलो घ्या आन सोडा मला."

उरलेली चप्पल खाली काढून उत्तरेश्वर पोत्यांवर चढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात घालून आला. त्याच वेळी शेजारून नळदुर्गकडे जाणारी एक पांढरी जीप संथपणे गेली. कांद्यावर चढलेला अनवाणी माणूस बघून आतले म्हातारे गृहस्थ हसले. उत्तरेश्वरने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच काही कांद्याचं नव्हतं.

"न्हाय ओ, माणिकप्पा. पडला कुठंतरी."

परतताना दोघांनी रस्त्याच्या दोन्ही कडा बघितल्या. इटकळच्या गतिरोधकापाशी उतरून खड्डा न् खड्डा बघितला. एक टायर, एक मुलाचा बूट आणि बऱ्याच बाटल्या. बॉल नाही.

"पस्तीस वर्षं पेटीत होता," उत्तरेश्वर म्हणाला. "मला अण्णानं येवढी एक गोष्ट सांगितली होती जपायला. आज काय तोंड दाखवू?"

माणिकप्पांनी शाल त्याच्या हातातून घेऊन आपल्या खांद्यावर टाकली. उजवा पाय की डावा, हा विषयसुद्धा काढला नाही. यावरून काय ते समजा.

ढाब्यावर सत्यभामेने फोनवर सगळं ऐकून घेतलं होतं. हे पोचले तेव्हा ती शाळेच्या सरांकडून जुना फुटबॉल मागून आणून चहाच्या चोथ्यात लोळवत होती.

"ह्ये काय?" उत्तरेश्वर हादरला.

"तुमचा बॉल. बघत काय बसलाव? तंदूरची राख आणा. माणिकप्पा, तुमी खलबत्त्यानं ठोका. फोडू नका, म्हातारा करा."

अर्ध्या तासात बॉलचं वय झालं. शिवण उसवली, टक्कल पडलं. शेवटी सत्यभामेने पेनाने एक 'ब' काढला आणि ओल्या बोटाने अर्धा पुसून टाकला.

"अण्णांना फसवायचं?" उत्तरेश्वर म्हणाला.

"मग खरं सांगा. लाथ मारून कांद्यात घातला म्हणून सांगा. त्यांच्या तोंडाकडं बघून सांगता येतंय का बघा."

पाचला पांढरी जीप आली. आधी किल्ला बघून, धबधब्यापाशी बसून, बलभीमअण्णा ढाब्यावर उतरले. केस पांढरे, एक गुडघा जरा दुखरा, पण चाल तीच. जुनी सगळी मंडळी जमली होती. उत्तरेश्वर पायाशी वाकला तसं अण्णांनी त्याला उचललं.

"उत्तऱ्या! अरे तम्मा, धाकट्या भावा, तू तर ढाबेवाला झालास! बॉल आहे का रे?"

उत्तरेश्वरने पेटी उघडली. अण्णांनी बॉल घेतला. फिरवला. 'ब' वरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेला.

"चहा," अण्णा म्हणाले.

सत्यभामेने चोथ्याचं पातेलं पायाने बाजेखाली सरकवलं.

"हाफटाइमला माझ्या हातून ह्याच्यावर चहा सांडला होता." अण्णांनी पुन्हा वास घेतला. "अजून वास येतोय बघ. आठवतंय का कुणाला?"

"आठवत न्हाय व्हय!" माणिकप्पा पुढे झाले. "कप मीच दिला होता की."

सत्यभामेला ठसका लागला.

"अण्णा," उत्तरेश्वर म्हणाला, "मला एक सांगायचंय."

"काही सांगू नकोस. तू शब्द पाळलास." अण्णांनी डोळे पुसले. "बरं, जीपमधे आणखी एक बॉल आहे. इटकळच्या गतिरोधकापाशी सापडला. अगदी फाटका आहे, पण इथली पोरं खेळतील." त्यांनी मागच्या सीटवर हात घातला आणि बाहेर काढला.

चामड्याचा. जागोजागी टक्कल पडलेला. उत्तरेश्वरला 'ब' बघायचीही गरज नव्हती.

"अण्णा, तो द्या हिकडं," तो कसाबसा म्हणाला.

पण माणिकप्पांना आता राहवेना. "अण्णा, आधी एक निकाल लावा. गोल कुठल्या पायानं मारला होता? हा म्हणतो डावा."

अण्णा हसले. "सांगून काय कळणार? दाखवतो. पण ह्यानं नको," चहाचा बॉल त्यांनी छातीशी धरून शालीवर ठेवला, "हा आता जपायचा. त्या फाटक्यानं दाखवतो."

गोल, बलभीमअण्णांच्या पायानं

अण्णांनी बॉल जमिनीवर ठेवला. दोन पावलं मागे गेले. सगळे त्यांच्या पायांकडे बघायला लागले.

"अहो," सत्यभामा कुजबुजली, "ट्रक."

रस्त्याच्या कडेला उभा असलेला उसाचा एक ट्रक सुरू होऊन घरघरत होता. उत्तरेश्वरने ट्रककडे बघितलं, बॉलकडे बघितलं, आणि अनवाणी ट्रकच्या दिशेने धावला. बाज ओलांडली. पाण्याचा जग लाथाडला. "न्हाय!" म्हणून अशी काही आरोळी ठोकली की सगळ्या माना तिकडे वळल्या. मागे ठप्प आवाज झाला, बॉल सुटला, आणि उत्तरेश्वर, ज्याला टीमने कधी गोलीत सोडा, राखीव खेळाडू म्हणूनही घेतलं नव्हतं, आडवा हवेत गेला.

धूळ खाली बसली तेव्हा तो पोटावर पडलेला होता. पोटाखाली बॉल होता.

आधी खोकले. मग टाळ्या, शिट्ट्या. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. अण्णा लंगडत आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तम्मा, त्या दिवशी गिरणीवाल्यांनी तुला गोलीत घेतलं असतं ना, तर मी अजून नळदुर्गातच असतो. आता दे तो पोरांना."

"न्हाय अण्णा." उत्तरेश्वरने बॉल आणखी घट्ट धरला. आता त्याच्याकडे सांगायला खरं कारण होतं. "तुमची किक अडवलीय ह्या बॉलवर. ह्यो मी काचेत ठेवणार."

"ठेवा," सत्यभामा म्हणाली आणि पदराने बॉल पुसायला लागली. "आन पेटीची किल्ली माझ्याकडं द्या."

माणिकप्पा मात्र अजून अंगणाच्या मधे उभे होते. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"अरे, समदं खरं. पण मारला कुठल्या पायानं?"

जुने प्रेक्षक एकमेकांकडे बघायला लागले. उजव्या बाजूला बसलेल्यांनी डावीकडच्यांना विचारलं, डावीकडच्यांनी ट्रकवाल्याला. शेवटी सगळे अण्णांकडे वळले.

अण्णांनी आपल्या दोन्ही पायांकडे एकदा नीट निरखून बघितलं.

"काय की बाबा," ते म्हणाले. "मी तर ह्या उत्तऱ्याकडंच बघत होतो."