काठावरचे डोंगरे

डोंगरे कुणाकडेही जेवायला गेले की बसण्याआधी दोन प्रश्न विचारतात. जिना कुठल्या बाजूला आहे, आणि घरात एकूण माणसं किती. उत्तर मिळालं तरी स्वतः एकदा बोटाने मोजून घेतात. आमच्या सिंगापूरमधल्या, पुंगोलच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हा त्यांनी गुरुजींनाही मोजलं, आणि होम पेटायच्या आधी पाण्याने भरलेली बादली आणून शेजारी ठेवली. गुरुजींना वाटलं ही विदर्भातली काही पद्धत असेल. त्यांनी बादलीलाही हळदकुंकू वाहिलं.

डोंगरे आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून राहतात. मूळचे अकोल्याकडचे. जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहेत. सकाळी सहाला कंपनीची बस येते, गळ्यात पास अडकवून ते खाली उभे असतात, आणि बसमध्ये चढल्या चढल्या सगळ्यांचे सीटबेल्ट तपासतात. दिवसभर लोकांना सांभाळायचं हे त्यांचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच, की संध्याकाळी बस त्यांना परत सोडते पण काम त्यांना सोडत नाही.

एलआरटी या इथल्या छोट्या लोकल गाडीला ड्रायव्हर नसतो, म्हणून डोंगरे कायम पुढच्या काचेशी उभे राहतात. कुणीतरी बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कुणी अनोळखी माणूस वाफाळत्या सूपचा ट्रे घेऊन निघाला, तर हे आपलं जेवण टाकून त्याच्या पुढे चालतात आणि गर्दी बाजूला करतात. तिथला चहावाला अंकल त्यांना नावाने ओळखत नाही, नुसतं ‘सेफ्टी’ म्हणतो. आणि त्यांचा लाडका शब्द म्हणजे ‘निअर मिस’. निअर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. माझ्या हातून चहाचा कप नुसता हिंदकळला तरी ते मान हलवतात. “निअर मिस झाला, ताई. नोंद ठेवा.” मी वैतागले की लगेच हात जोडतात. “मी काही बोलून नाही राहिलो, फक्त सांगून राहिलो.”

वैशालीवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याचं आता काही वाटत नाही. पंचवीस वर्षांत त्या एकदाही ओल्या फरशीवरून चाललेल्या नाहीत, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगतात. प्रश्न होता मुलीचा.

संघमित्रा, घरातली मित्रा, ही त्यांची एकुलती एक. ती लहान असताना ते सिंगापूरमधल्याच यिशुनला राहायचे, तिथल्या पोहण्याच्या तलावात ती पोहायला शिकली. डोंगऱ्यांना स्वतःला पोहता येत नाही. त्यांच्या गावच्या नदीला पावसाळा सोडला तर गुडघाभरही पाणी नसतं, शिकणार कुठे? मग पोर पाण्यात पोहायची आणि बाप काठावरून, बूट घालून, तिच्या बरोबरीने चालायचा. दर फेरीच्या शेवटी तिने एक हात वर करायचा, म्हणजे सगळं ठीक. मित्रा त्या तलावात शर्यती जिंकायला लागली तरी हे चालणं थांबलं नव्हतं.

ती शिकायला जर्मनीला गेली तेव्हा काठ संपला. डोंगऱ्यांनी तिच्या बॅगेत धूर ओळखणारं यंत्र, दोन शिट्ट्या आणि हॉस्टेलच्या इमारतीचा स्वतः काढलेला नकाशा भरला. रोज दोनदा फोन ठरला होता. एका संध्याकाळी तिने चार तास फोन उचलला नाही. डोंगऱ्यांनी हॉस्टेलच्या व्यवस्थापकिणीला फोन केला आणि खोलीत धूर कोंडला असण्याची शक्यता अशा काही शास्त्रशुद्ध इंग्रजीत समजावली, की बाईंनी घाबरून अग्निशमन दल बोलावलं. अख्खं हॉस्टेल थंडीत, पायजम्यांवर, खाली अंगणात येऊन उभं राहिलं. मित्रा लायब्ररीत होती, फोन बॅगेत. ती परतली तेव्हा अंगणात हजेरी चालू होती आणि सगळे तिच्याच नावाने ओरडत होते.

पाच महिने ती बापाशी बोलली नाही. आईला मेसेज यायचे, तेही तुटक. डोंगरे या काळातही माणसं किती ते विचारत होते, पण उत्तर ऐकून घ्यायचं विसरायचे. एकदा आमच्याकडे बसले असताना माझ्या हातून उकळतं पातेलं निसटता निसटता वाचलं आणि ते काहीच बोलले नाहीत. मला त्या पातेल्यापेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर मित्राचा आईला लांबलचक मेसेज आला. ती सुट्टीत एका ग्रीक बेटावर जाणार आहे. आईबाबांना यायचं असेल तर यावं. अट एकच: बाबांनी पाच दिवसांत एकही सूचना द्यायची नाही. एक जरी दिली तरी ती त्याच दिवशी बोटीत बसेल आणि पुढच्या सुट्टीचं विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरे हातात एक कागद घेऊन आमच्या दारात हजर. जुरोंग आयलंडवर धोक्याचं कुठलंही काम परमिटशिवाय होत नाही. त्यांनी परमिट भरून आणलं होतं. काम: मुलीबरोबर पाच दिवस समुद्रकिनारी राहणे. धोका: बोलणे. उपाय: न बोलणे. खाली ‘स्टँडबाय’ अशी एक जागा होती आणि तिथे माझं नाव.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा निखिल, त्या उन्हाळ्यात कुठेतरी जाणारच होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी फक्त जवळ थांबायचं आणि सूचना त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या बेतात दिसली की खोकायचं. हे काम मलाच का, असं मी विचारलं. “तुम्ही पुण्याच्या, ताई. समोरच्याला गप्प करणं तुम्हाला जमते.” ही स्तुती समजून मी सही केली.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. ते शांत आहे, तसंच राहू दे. गावातून ऑलिव्हच्या झाडांमधून एक पायवाट खाली उतरते, बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येतात, आणि वळण संपलं की एकदम पाणी. पांढरे गोटे, दोन बाजूंना कडे, आणि तळाचा खडा न् खडा दिसेल इतकं स्वच्छ निळं पाणी. किनाऱ्यावर एकच खाणावळ, एका आजीबाईंची. बाकी कुणी नाही. मी आणि वहिनी नुसत्या बघत राहिलो. डोंगरेही बघत होते, पण ते पाटी शोधत होते. आमच्या सिंगापूरच्या किनाऱ्यावर पाण्यापेक्षा पाट्या जास्त. इथे पाटी नाही, कठडा नाही, जीवरक्षक नाही, लाल झेंडा नाही. सूचना देणारं कुणीच नसलेल्या जागी, तोंड बंद ठेवण्याची अट घेऊन, डोंगरे उभे होते.

मित्रा आदल्या दिवशीच आली होती. तिने आईला मिठी मारली, बापाला लांबूनच “हाय बाबा” केलं. तिचे अनवाणी पाय बघून डोंगऱ्यांच्या ओठांची हालचाल झाली. मी खोकले.

पहिल्या दिवशी मी इतकी खोकले की आजीबाईंनी मध घालून कसलासा काढा आणून दिला. तो कडू होता आणि त्या डोळ्यांत तेल घालून समोर उभ्या, त्यामुळे प्यावा लागला. दुसऱ्या दिवशी खोकला जरा उतरला. डोंगऱ्यांना एक पळवाट सापडली होती: सांगायचं नाही, करून टाकायचं. आजीबाईंचा गॅसचा सिलिंडर भर उन्हात होता. त्यांनी तो न बोलता सावलीत नेला. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली चपटा गोटा सरकवला. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती, पण तिसऱ्या दिवशी आजीबाई त्यांना बशीभर अंजीर देऊन आपली खिळखिळी शिडी दाखवायला घेऊन गेल्या. मित्रा लांबून हे पाहत होती. पहिल्यांदाच ती हसताना दिसली. “बाबा, रिलॅक्स लाह,” सिंगापुरी ढंगात म्हणाली, पण राग नव्हता.

चौथ्या दिवशी मात्र तिने जेवताना सहज सांगितलं, की ती आज समोरच्या खडकापर्यंत पोहत जाणार आहे.

खडक खाडीच्या तोंडाशी होता. यिशुनच्या तलावाच्या कितीतरी फेऱ्या एकापुढे एक ठेवल्या तर तिथे पोचता येईल. वहिनींचा घास हातातच राहिला. डोंगऱ्यांनी तोंड उघडलं. मी घसा तयार ठेवला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, सगळा प्यायले आणि तोंड मिटलं. मला खोकावंच लागलं नाही.

ती पाण्यात शिरली तसे डोंगरे उठले आणि किनाऱ्याला गेले. तिथे थांबले नाहीत. बूट, मोजे, इस्त्रीची पँट, सगळ्यासकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. वहिनींनी हाका मारल्या, निखिलने खुर्ची उचलून नेली. नको म्हणाले. तिचं डोकं ठिपक्याएवढं झालं तरी हलेनात. शेवटी मी साडेतीन हजार रुपयांच्या चपला हातात घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या सहीचं परमिट होतं.

ते खडकाकडे बघत होते. मग नजर न हलवता मला म्हणाले, की ताई, मी तुम्हाला स्टँडबाय केलं पण तो काय करतो ते सांगितलंच नाही. टाकीत माणूस उतरला की तोंडाशी एक जण उभा ठेवतात. त्याने आत उडी मारायची नसते. काम कसं करायचं हेही सांगायचं नसतं. फक्त जागा सोडायची नाही आणि हाक आली की ओ द्यायची. नागपूरच्या पहिल्या नोकरीत ते स्वतः स्टँडबाय होते. बाविशीचे. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, चहा घ्यायला गेले.

“काही झालं नाही, ताई. निअर मिस. त्याला फक्त घाबरल्यासारखं झालं होतं, आपला आपणच वर आला. रागावलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, मी हाक मारली तेव्हा तू कुठं होतास?”

पाण्यात उभा असलेला तो पन्नाशीचा माणूस मला तेव्हा फार एकटा वाटला. इतकी वर्षं मी त्यांच्या मोजण्याला हसत आले होते. ज्याच्या त्याच्यासाठी ओ द्यायला हजर राहण्याची ही धडपड आहे, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात खडकावर काहीतरी हललं. मित्रा वर चढली होती. ती किनाऱ्याकडे वळून जराशी थांबली, आणि तिने एक हात वर केला. कुणी सांगितलं नव्हतं. डोंगऱ्यांनीही हात वर केला आणि तो खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

ती परत आली, दमलेली, केस निथळत. डोंगरे तिच्या मागोमाग पाण्याबाहेर आले आणि गोट्यांवर बसले. तिने त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही पूर्ण वेळ तिथेच उभे होतात?”

“हो.”

तिने मान खाली घातली आणि त्यांच्या बुटांच्या फुगलेल्या नाड्या सोडवायला बसली. गाठ पक्की बसली होती, वेळ लागला. एक बूट निघाला, त्यातून पाणी ओतलं, दुसरा हातात घेतला. मग बुटाकडेच बघत म्हणाली, “उद्या मी परत जाणार आहे खडकापर्यंत. तुम्ही असाल ना इथे?”

डोंगऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. खोकले मात्र नाही.

“असेन,” ते म्हणाले. “इथंच असेन, बेटा.”