सोड्याच्या हंड्यात बुडाल्या सदऱ्याची हकीकत

॥ श्री ॥ सुईच्या नेढ्यातून त्रिभुवन ओवणाऱ्या आदिमायेस दंडवत घालून, आणि जुनेर नेसून ज्यांनी संसार तडीस नेले त्या मायबायांस मुजरा करून, घडले वर्तमान लिहिले जाते ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते समयी दोन खोल्या, एक ओटा व मागील परसू एवढे एक राज्य होते. राज्याचे धनी तुळशीराम, लाकडाच्या वखारीत करवतीवर चाकरी करीत, ते चैत्रमासी तीन दिवसांच्या तापाने कैलासवासी जाहले, आणि राज्य त्यांच्या कुटुंबाकडे, द्वारकाबाईंकडे आले. राज्य कसले, ओसाड माळ! बाईसाहेबांनी एकटीचा भात शिजवावा, आणि अर्धा तसाच राहावा. परंतु राज्यात एक खजिना होता. पत्र्याच्या पेटीत धनियांचा शेवटला सदरा, ताप येण्याच्या दिवशी अंगातून उतरविलेला, न धुता ठेविला होता. त्यास लाकडाच्या भुशाचा, विडीचा आणि घामाचा वास. बाईसाहेबांनी नित्य दुपारी जेवणे उरकून पेटी उघडावी, सदऱ्यात तोंड घालावे, आणि एकच श्वास घ्यावा. दुसरा घेतला तर वास लवकर सरेल, ऐसे भय. मग पेटी लावून खरकटे काढावे. आठ मास ऐसे चालिले.

इतक्यात लेक रोहिणी हीस नववा लागला, आणि ती माहेरी बाळंतपणास येणार ऐसा निरोप आला. त्या मुलखाचा रिवाज ऐसा की, बाळाची पहिली गोधडी आजोळची, तीही घरातील जुन्या कपड्यांची, नवे कापड तीत वर्ज्य. येथे मोठा पेच पडला. द्वारकाबाईंनी जन्मात सुई धरिली नव्हती, घरातील गुंड्यासुद्धा धनीच लावीत आणि वर हसत, “तू आपली भाकरी थाप, हे नाजूक काम माझं.” मग बाईसाहेबांनी शेजारच्या ठकूबाईंस पाचारण केले. ठकूबाई म्हणजे आळीतील सरदार. साठ गोधड्या मारिलेल्या, तोंडाने तिखट, मनाने लोणी. त्यांनी लुगडी चार, धोतरे दोन, परकर एक, पलंगपोस एक ऐसी फौज निवडिली आणि हुकूम केला, “तान्ह्या अंगाला लागायचंय. सगळं सोड्यात उकळून घ्यायचं, एक चिंधी सुटता कामा नये. समजलं का गं?”

“समजलं, आक्का,” बाईसाहेब म्हणाल्या.

परंतु मनात निराळीच मसलत शिजत होती. दोन थरांच्या मध्ये, अगदी पोटात, तो सदरा न धुता घालावा. बाळ त्यावर निजेल, आजोबांच्या कुशीत निजेल, आणि त्यांचा वासही राहील. ही गोष्ट ठकूबाईंस सांगावी तर त्या खो खो हसतील, म्हणून सांगितली नाही. लाज आडवी आली, तिनेच घात केला. हाही निवडल्या कपड्यांतलाच, ऐसे ठकूबाईंस पुढे वाटावे म्हणून सदरा पेटीतून काढून गाठोड्याच्या अगदी तळाशी ठेविला, सकाळी उकळण्याआधी हळूच काढून घेऊ ऐसे योजून.

सकाळ जाहली. परसात तीन दगडांवर हंडा चढला, सोडा फसफसला, आणि ठकूबाई ओरडल्या, “आण की गं लवकर, पाणी आटून चाललं!” मग बाईसाहेबांची धांदल उडाली, आणि त्यांनी गाठोडे उचलिले, आणि गाठ सोडिली, आणि सगळेच्या सगळे हंड्यात पालथे केले, आणि वर काठी घेऊन स्वहस्ते ढवळिले. लेकीच्या बाळाचे काम म्हणून मन लावून ढवळिले. काय सांगावे! चार वेढे जाहले, तो फेसातून एक बाही वर आली.

बाईसाहेबांनी उकळत्या पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत कातडे लाल जाहले, परंतु सदरा काढिला, पिळिला, तोंडावर धरिला. सोड्याचा वास. पाठीस पाहिले, बगलेत पाहिले, कॉलर उलटून पाहिली. सोड्याचा वास.

“अगं वेडे, हात भाजला की! धुतला तर काय बिघडलं? स्वच्छ झाला,” ठकूबाई बोलिल्या. बाईसाहेबांनी मान वर केली आणि सांगितले, “आक्का, ह्यात ते होते.” मग ठकूबाई तेथेच चिखलात बसून बाईसाहेबांच्या हातांस खोबरेल लावीत राहिल्या.

पुढे दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. तिसरे दिवशी ठकूबाईंनीच दार वाजविले. “द्वारके, दुःख कर, मी नको म्हणत नाही. पण पोर यायचं थांबणार आहे का?” मग बाईसाहेब फोड आलेल्या हातांनी सुई धरित्या जाहल्या. धावदोरा कडेकडेने आत न्यावा, तो त्यांनी मधून आरंभिला, तेणेकरून मध्ये फुगा, एक कोपरा आखूड, आणि टाके ऐसे की कोंबडी चालून गेली. ठकूबाई एकदाही हसल्या नाहीत. त्या आळीत गोधडी मिटताना शेवटल्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालितात, तिने उपाशी राहू नये म्हणून. बाईसाहेबांनी घास घातला आणि कोपरा मिटिला. सदरा पोटातच होता. धुतलेला का होईना, तो दुसरीकडे कोठे ठेवावा हे त्यांस सुचले नाही.

पौषमासी रोहिणीस कन्या जाहली. अकरावे दिवशी गोधडी अंथरली, आणि बाळास तीवर निजविले. रोहिणी ओणवी होऊन बाळाचा पापा घेती जाहली आणि नाक तेथेच ठेवून आनंदाने म्हणाली, “आई, किती गं स्वच्छ वास येतोय हिला!”

“येतो ना,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि पाणी तापवावयास गेल्या.

एवंच, राज्यात एक गोधडी जाहली. वाकडी, परंतु ऊबदार. बाळ सुखरूप. धनी चैत्रात गेले ते मार्गशीर्षात पुन्हा गेले, आणि दुसऱ्या वेळी सुतकही धरिता आले नाही. बाईसाहेब अद्याप दुपारी जेवणे उरकून पेटी उघडितात. आत काही नाही. पेटी लावून खरकटे काढितात. लेखनसीमा.