बिनमाणसांचा बँड

“यापुढं बँड वाजवायला माणूस लागत न्हाई!” अशी घोषणा सुंदररावांनी दिंद्रुडच्या चौकात केली आणि घरी येऊन लॅपटॉप कुठून उघडतो हे विचारायला सुनेला हाक मारली.

घोषणेला कारण होतं. आमच्याकडं लग्नसराई आणि ऊसतोड जोडीनंच निघतात. सुंदररावांच्या बँडातला ढोलवाला सटवा आणि ट्रंपेटवाला मुंजाजी कोयते घेऊन कारखान्याकडं गेलेले. क्लॅरिनेटवाले म्हातारे तात्याबासुद्धा लेकाच्या टोळीवर नातवंडं सांभाळायला गेलेले. मागं उरले लाल कोट आणि सुंदरराव! त्यातच भगवानरावांनी लेकाच्या, सोमेश्वरच्या लग्नाची सुपारी दिली. एवढ्या मोठ्या घरची मिरवणूक जमली तर पंचक्रोशीतली निम्मी लग्नं आपली. फसली तर डीजेवाले टपलेलेच!

सुनेनं, स्वप्नालीनं, लॅपटॉपात एक सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची छोटी पेटी जोडली.

“मामा, सगळी वाद्यं यातच आहेत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल.”

“ढोल? मारायचा कशानं?”

“बोटानं.”

“बोटानं मारलेलं ढोलाला कळतं का?”

त्यांनी एक पट्टी दाबली. आतून बायकांच्या गळ्यातून लांबलचक “आऽऽऽ” निघालं. सुंदररावांनी दचकून पेटीखाली पाहिलं.

“कोण बाई हाय तिथं?” स्वयंपाकघरातून सुंदररावांची बायको, केशरबाई.

“यंत्रातली हाय!”

“चहा घेती का विचारा.”

प्रत्येक वाद्याला पडद्यावर नाव देता येतं, हे कळल्यावर मात्र सुंदरराव खुलले. बिननावाच्या वाद्याला शिव्या कशा द्यायच्या? त्यांनी क्लॅरिनेटला ‘तात्याबा’ लिहायला लावलं, ट्रंपेटला ‘मुंजाजी’, ढोलाला ‘सटवा’. बँड जमला!

रेकॉर्डिंग सुरू झालं. तालासाठी यंत्र टक-टक-टक-टक करू लागलं. केशरबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या आणि जमिनीवर बोटं आपटत म्हणाल्या, “कृष्ण, कृष्ण! लग्नाचं गाणं अन् पाल चुकचुकती? बंद करा आधी!”

“आत्या, पाल नाही ती, ठोका आहे.”

“नवरीच्या आईला जाऊन सांगशील का ठोका हाय म्हणून? उद्या काई इपरीत झालं म्हंजे?”

ठोका बंद झाला. मग लक्षात आलं, की पट्टी दाबल्यावर सूर जरा उशिरानं येतोय. सुंदररावांना नवल वाटलं नाही. तात्याबा कधी वेळेवर आलते?

“मामा, थांबू नका. तुम्ही वाजवत राहा, सूर मागून येतो. नाहीतर मी सेटिंग बदलते.”

“सेटिंग ऱ्हाऊ दे तुझी! तात्याबा माझ्या बापाच्या वयाचे हाईत. त्यांना मागं टाकून मी पुढं पळू?”

म्हणून सूर उमटेपर्यंत ते अदबीनं थांबत, मगच पुढची पट्टी दाबत. वर मुंजाजी चढवला. तो तात्याबांसाठी थांबला. मग सटवा, तो दोघांसाठी थांबला. थांबणं कडव्यागणिक लांबत गेलं. शेवटपर्यंत ऐकून पाहावं, तर लाईट गेली. सुरुवात मात्र झकास जमली होती.

लग्नादिवशी मारुतीच्या पारापासून मिरवणूक निघाली. हातगाडीवर लॅपटॉप, मोठे स्पीकर, शोभेला मुंजाजीचा ट्रंपेट, गाडीशेजारी स्वप्नाली आणि पुढं लाल कोटात एकटे सुंदरराव. पहिल्या कडव्याला पोरांनी उड्या मारल्या. दुसऱ्या कडव्याला मारलेली उडी खाली यायला तयार होईना. तिसऱ्या कडव्यात ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये एकानं तंबाखू मळली, वाटली आणि चुना मागितला! म्हाताऱ्या तेवढ्या खूश. गुडघे सांभाळून नाचता येईल असा बँड त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळाला होता. घोडी बिचारी तालावर चालणारी. तिनं एक पाय उचलला आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत तशीच उभी राहिली. वर सोमेश्वर, तलवार धरून, तिरपा.

मांडवातून निरोप आला: अक्षता वाटून झाल्या, मुहूर्त टळतोय!

“स्वप्नाली, तात्याबांना पळव!” म्हणत सुंदररावांनी स्वतःच दिसेल ते बटण दाबलं. सटवाचा ढोल गायब झाला आणि त्याच्या जागी ती यंत्रातली बाई “आऽऽऽ” करून गळा काढू लागली. दोन पाहुण्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी टोपी काढली.

“कोण गेलं बे?” मागून विचारणा झाली.

स्वप्नालीनं वायर उपसली. पोरांनी तेलाचा रिकामा डबा बडवायला घेतला तेव्हा कुठं घोडीनं पाय टेकला. गर्दीतून भगवानराव येताना दिसले. फेटा कानावर आलेला.

“मालक, दोन मिंटं द्या. तात्याबांची सेटिंग...”

भगवानरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सुंदरराव, ते यंत्र ठिवा झाकून. पण बँड पाहिजे म्हंजे पाहिजे. सोयऱ्यांना सांगून बसलोय मी.”

सुंदररावांचा ऊर भरून आला. “हुकूम करा मालक! काय वाजवू?”

“वाजवू काईच नका.” भगवानरावांनी हातगाडीवरचा ट्रंपेट उचलून त्यांच्या हातात दिला. “ह्यो तोंडाला लावून नुसतं पुढं चाला. अन् गाल तेवढे फुगवा, व्हिडिओवाला आलाय.”