लिमये काकूंचं यंत्र

आमच्या सोसायटीतल्या लिमये काकू 'कसे आहात' असं कुणालाच विचारत नाहीत. त्या थेट आकडा सांगतात. "अहो, तुमचा मिक्सर आज ब्याऐंशी." भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, त्यांचं आवाज मोजायचं यंत्र असतं. जिन्यात, गेटवर, गणपतीच्या मांडवापाशी, कुठेही ते बाहेर निघतं. कुणी वाद घातलाच तर ठरलेलं वाक्य, "मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय." कर्वेनगरातल्या एका ढोलपथकाने काकूंच्या धाकाने सरावाची जागा बदलली, असं ऐकलंय. माझा विश्वास आहे.

अशा बाईंच्या घराच्या बरोबर खालच्या पार्किंगमध्ये मी दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आणून ठेवली. सेकंडहँड असली तरी घसा अगदी शाबूत. म्हणजे मी आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला. त्या गाडीवरून काकूंनी मला सतरा वेळा सुनावलं असेल.

आणि उद्यावर ट्रॅक डे आला. रेसच्या ट्रॅकवर आपापली गाडी मनसोक्त पळवायचा दिवस! रोज खराडीच्या ऑफिसला दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जाणाऱ्या माणसाला त्याचं काय अप्रूप असतं, ते इतरांना नाही कळायचं. आठवडाभर मला धड झोप नव्हती. अट एकच होती. सायलेन्सरचा आवाज अठ्ठ्याण्णव डेसिबलच्या वर गेला, तर फाटकातूनच परत. तो आधी मोजून बघायला हवा होता, आणि यंत्र माझ्या ओळखीत एकाच घरी होतं.

बेल वाजवून मी कसंबसं कारण सांगितलं. उंदीर मांजराकडे विरजण मागायला आलाय, अशा नजरेने काकूंनी मला न्याहाळलं. मग त्यांचे डोळे लकाकले. "थांबा, चष्मा घेते."

खाली आल्यावर मी सांगू लागलो, "सायलेन्सरपासून अर्धा मीटर, जरा तिरकं..."

"वाचलंय मी. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबा."

पाय दाबला. एकशे दोन! पुन्हा दाबला. एकशे दोन. माझं तोंड एवढंसं झालं. "जाऊ द्या काकू. संपलं सगळं."

काकू मात्र छताकडे बघत होत्या. "गाडी मोजताय की पार्किंग? तिन्ही बाजूंनी भिंती, डोक्यावर स्लॅब. आवाज बिचारा जाईल कुठे? फिरून परत येतोय तो. मोकळ्यात चला."

आणि चक्क गाडीत बसल्या. "ही सीट आहे की पाट?" नदीकाठच्या मैदानापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला "हळू, हळू" चाललं होतं. मध्ये सरळ रस्ता लागला, तेव्हा खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "जरा पळव की."

मैदानात मी देवाचं नाव घेऊन पाय दाबला. सत्याण्णव! मी गाडीतून उडी मारूनच बाहेर आलो. "पास!" काकू इतक्या जोरात ओरडल्या की त्यांच्या यंत्रावर तेही उमटलं असणार. तो आकडा मात्र त्यांनी सांगितला नाही.

परतताना मी विचारलं, "भिंतींचं कसं सुचलं तुम्हाला?"

"घरात तेच होतं ना. हे होते तेव्हा मला कुणाचा मिक्सर कधी ऐकूच आला नाही. आता चमचा पडला तरी भिंतीवरून परत येतो." मग म्हणाल्या, "यांच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका होता. कोपऱ्यावरूनच ऐकू यायची. ती ऐकली की मी चहा टाकायचे."

मला फार वाईट वाटलं. गेटपाशी उतरताना त्या म्हणाल्या, "उद्या परत आलास की इथे एकदा जोरात रेस कर."

"सोसायटीत? काकू, तुमचंच यंत्र..."

"हे यंत्र म्हणत नाहीये. मी म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोटभर पळून, धुळीने माखून परतलो. गेटपाशी थांबलो आणि पाय दाबला. कुत्री भुंकली, खिडक्या उघडल्या, "लिमये काकू, बघा हो याच्याकडे!" असं कुणीतरी ओरडलं.

काकू बाल्कनीत आल्या. हातात यंत्र नव्हतं. चहाची गाळणी होती.