न विचारलेला सल्ला

वॉशिंग मशीन न्हाणीघराच्या दारात अडकलं, तेव्हा मोजणीदाराने खिशातून टेप काढून दार पुन्हा एकदा मोजलं. तो जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला होता, म्हणून शेजारीपाजारी त्याला याच नावाने ओळखत. मशीनची रुंदी त्याने विकणाऱ्याच्या घरी जाऊन मोजली होती, दारही मोजलं होतं. दाराची कडी तेवढी मोजायची राहिली होती.

"माप बरोबर आहे," तो हमालांना म्हणाला. "दार अरुंद आहे."

"दार पहिल्यापासून एवढंच आहे," त्याची बायको हळूच म्हणाली.

शेवटी मशीन स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवलं गेलं. न्हाणीघरातून तिथवर पाणी आणायला लांब नळी लागली. ती नवी घ्यावी लागली, कारण जुनी नळी कुणी विकत नाही. मोजणीदाराला त्याचं फार वाईट वाटलं.

त्याची बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. गेली दोन वर्षं तिचं उजवं मनगट दुखत होतं. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं होतं, "कपडे घासणं, पिळणं बंद करा. हाताला आराम नाही मिळाला, तर शिवण सोडावं लागेल." ते ऐकून ती घरी आली ती थेट शिवणाच्या यंत्राजवळ बसली आणि बराच वेळ त्याचं चाक नुसतंच फिरवत राहिली. मग शिलाईतून साठवलेले पैसे तिने नव्या वॉशिंग मशीनसाठी नवऱ्याच्या हातात ठेवले.

"नवीन?" मोजणीदार दचकला. "अगं, नवीन वस्तू दुकानाच्या पायऱ्या उतरली की जुनीच होते. मग उतरलेलीच घेऊ ना! दातांचे डॉक्टर घर बदलतायत, त्यांचं मशीन अर्ध्या किमतीत देतायत. उरलेल्या पैशांत तुझ्या हाताची मालिश, शेक, सगळं होईल."

हे तो मनापासून बोलत होता. घरातल्या बहुतेक वस्तू अशाच आल्या होत्या. खुर्च्या बंद पडलेल्या वाचनालयातल्या होत्या. घड्याळ निवृत्त स्टेशनमास्तरांचं होतं आणि ते अजूनही गाडीसारखंच उशिरा धावत असे. बायकोची कात्री एका शिंप्याने दुकान मोडलं तेव्हा आणलेली. त्या कात्रीचा त्याला विशेष अभिमान होता. "लोखंड बघ! आता मिळतं का असलं?" कापताना खडूची रेघ पात्याखाली लपायची, म्हणून बायको मान तिरकी करून, मनगट वाकवून कापायची. "जुनं लोखंड आहे, हाताला बसायला वेळ लागतो," असं म्हणून तो अधूनमधून तिला धार लावून आणत असे.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, मोजणीदाराची आई. मुलाच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून एक नेम घेतला होता, की विचारल्याशिवाय कुणाला सल्ला द्यायचा नाही. त्यांच्या स्वतःच्या सासूने त्यांना उठल्यापासून निजेपर्यंत सल्ले दिले होते, आणि अखेरच्या दुखण्यातही उशी कशी झटकावी ते सांगितलं होतं. ते आपल्या सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढीच सासूबाईंची इच्छा. नेम कठीण होता. उपासाचं बरं असतं, दुसऱ्या दिवशी सोडता तरी येतो. पण त्यांनी तो पाळला. आळीतल्या बायका सुनेला म्हणत, "नशीब काढलंस बाई!" आणि सूनही मान डोलावत असे.

आता वयानुसार काही सवयी लागायच्याच. रोज सकाळी केर काढताना सासूबाई ती कात्री उचलून शिवणाच्या यंत्राच्या डाव्या बाजूला ठेवत. सून काही न बोलता ती पुन्हा उजवीकडे घेई.

मशीन आलं त्या दिवशी दातांचे डॉक्टर स्वतः सोबत आले होते. मोजणीदार खाली टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होता, तेवढ्यात त्यांनी सासूबाईंना मशीनमागे नेऊन काही दाखवलं आणि ते निघून गेले. मोजणीदार वर येताच सासूबाई म्हणाल्या, "अरे, ते डॉक्टर सांगत होते, चालू करायच्या आधी मागच्या बाजूचे—"

"आई, मला सगळं माहीत आहे. यंत्रातलं तुला काय कळणार? तू आपला जप कर."

सासूबाईंनी तोंड मिटलं. पहिल्यांदा सांगितला तो निरोप होता. नको म्हटल्यावर पुन्हा सांगायचा, म्हणजे तो सल्लाच झाला. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथूनही काही उत्तर आलं नाही.

पहिल्या दिवशी कपडे सुरेख धुतले गेले. मग पिळायची वेळ आली. आधी मशीन थरथरलं, मग ओट्यावरची भांडी थरथरली आणि बघता बघता मशीन भिंत सोडून निघालं. ते घाईत नव्हतं. ठाम पावलं टाकत ते दारापर्यंत गेलं, वायर ताणली गेली, प्लग निघाला आणि ते उंबऱ्याशी थांबलं.

मोजणीदाराने टेप काढून अंतर मोजलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या हेडबाई वर आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीत होता.

"वर कोण नाचतंय?"

"बाई, मशीन आहे. जरा चाललं."

"चाललं? माझ्या दिव्याची काच थेट चहाच्या कपात पडली! मशीनला पाय असतात, हे मला ठाऊक आहे. ते चालण्यासाठी असतात, हे आज कळलं."

दिव्याची नवी काच मोजणीदाराने आणून दिली. रात्री तो कचेरीतली पाणसळ घेऊन स्वयंपाकघरात ओणवा झाला आणि मग समाधानाने उठला. मोजणी करणाऱ्या माणसाला जगातली सगळी दुखणी जमिनीतच दिसतात.

"फरशीला उतार आहे," त्याने जाहीर केलं. "मशीन निर्दोष आहे."

गवंडी आला. त्या कोपऱ्यातली फरशी उखडून नवी बसवली गेली. आता पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध उभा राहत होता. मशीन पूर्वीसारखंच निघालं, फक्त आता ते सरळ रेषेत चाललं.

"उतार गेला याचा हा पुरावाच आहे," मोजणीदार म्हणाला.

मग मशीनखाली घालायला बंद पडलेल्या व्यायामशाळेतलं जाड रबर आलं. मशीन रबरासकट चालू लागलं. मग वीज कमीजास्त होत असेल म्हणून एक वापरलेला स्टॅबिलायझर आला. त्याने मशीनवर काही परिणाम केला नाही, पण स्वतः रात्रंदिवस घुमू लागला. मालिशीसाठी राखलेल्या पैशांपैकी आता मालिशीच्या तेलापुरते उरले होते. ते तेल सासूबाई रोज रात्री सुनेच्या मनगटाला चोळत. चोळता चोळता त्या कात्रीकडे बघत, मग सुनेकडे बघत आणि सुस्कारा टाकत.

"आई, दमलात का? राहू दे आता," सून म्हणे.

"दमले नाही गं," त्या म्हणत, आणि पुढचा शब्द गिळत.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट होऊ लागली. रोज सकाळी मशीनच्या डोक्यावर हत्यारांच्या पेटीतला पाना ठेवलेला असे. मोजणीदार कुरकुरत तो पेटीत टाकी. दुसऱ्या दिवशी पाना पुन्हा मशीनवर.

"आई, हा पाना इथं कोण ठेवतं?"

"मी."

"नको ठेवत जाऊस. गंज लागेल."

का ठेवतेस, असं त्याने विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

एका सकाळी मशीन निघायच्या बेतात असताना सासूबाई माळ हातात घेऊन तिथून जात होत्या. तोल सावरायला त्यांनी मशीनवर दोन्ही हात टेकले. मशीन जरा शांत झालं. मोजणीदाराचे डोळे चमकले.

"आई, तू वर बस बरं!"

त्याने आज्ञाच केली होती, विचारलं नव्हतं. सासूबाई स्टुलावर पाय ठेवून मशीनवर चढल्या, मांडी घातली आणि डोळे मिटून जप करू लागल्या. मशीन जागच्या जागी गुरगुरत राहिलं. त्यांच्या तोंडून देवाच्या नावाचं प्रत्येक अक्षर तीन तीन वेळा उमटत होतं, त्यामुळे जपाचा आकडा वाढला की नाही, हा प्रश्न त्यांना पुढे अनेक दिवस छळत राहिला. पण सुनेचे कपडे पिळून निघाले, म्हणून त्या रोज बसू लागल्या.

"म्हाताऱ्या आईला यंत्रावर बसवतोस?" हेडबाईंनी जिन्यात गाठलं. "लाज वाटते का?"

"बाई, एक पैसा जास्त लागला नाही," मोजणीदार नम्रपणे म्हणाला.

आणि मग तो दिवस आला. शाळा सुरू व्हायला आली होती आणि गणवेशाचं सगळं कापड शिवायचं होतं. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यातच सदरे आखूड होतात. सुनेने कापडाचा मोठा गठ्ठा मशीनमध्ये टाकला. नेमक्या सासूबाई ओळखीतल्या एका आजारी बाईंना बघायला गेल्या होत्या.

"मी बसतो की!" मोजणीदार म्हणाला.

तो बसला. पिळणं सुरू झालं. मशीन थरथरलं, आणि मोजणीदाराला पाठीवर घेऊन निघालं. कदाचित आई बसायची तेव्हा वजनासोबत देवाचं नावही असायचं.

"अहो, उतरा!"

"उतरलो तर थांबणार नाही!"

"बसलात तरी कुठं थांबलंय!"

नळी ताणली गेली, मशीनच्या मागून सुटली आणि पाण्याचा फवारा उडाला. मशीन दारात जाऊन थांबलं. स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं होतं. खालून हेडबाईंचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत, आणि ते बरंच झालं.

कापड आत तसंच होतं, पाण्याने जड झालेलं. उद्या कापायला घ्यायचं तर आजच वाळायला हवं. सुनेने एक टोक ओढून बाहेर काढलं आणि पिळायला घेतलं. एकच पीळ बसला असेल. तिच्या तोंडून आवाज निघाला, कापड हातातून सुटलं आणि ती मनगट छातीशी धरून ओल्या फरशीवर खाली बसली. रडली नाही. इतकंच म्हणाली, "आता शिवण नाही होणार माझ्याकडून."

मोजणीदार मशीनवरून उतरला. पायजमा भिजलेला, हातात टेप. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय मोजावं ते कळत नव्हतं. त्याच वेळी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे लहानपणी बघायचा तसं पाहिलं.

"आई, तूच सांग. काय करू मी?"

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला विचारतोयस?"

"तुलाच विचारतोय गं!"

त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "मशीनच्या मागे चार लांब बोल्ट आहेत. सामान हलवताना आतलं पिंप हिंदकळू नये म्हणून ते आवळतात. चालू करायच्या आधी काढायचे असतात. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाना मशीनवर ठेवत होते मी."

मोजणीदाराने पाना आणला, चार बोल्ट काढले, मशीन जागेवर नेऊन नळी जोडली. मशीन सुरू झालं. पिळायची वेळ आली. तिघं मशीनकडेच बघत होते. मशीन जागचं हललं नाही. इतकं शांत चाललं, की स्टॅबिलायझरचं घुमणं ऐकू येऊ लागलं.

"आई!" मोजणीदाराचा आवाज फुटला. "हे ठाऊक होतं तर बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

सून अजून खालीच बसली होती. तिने मान वर केली. "आई," ती हळू आवाजात म्हणाली, "आणखी काही आहे का? आम्ही विचारलं नाही असं?"

सासूबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिचं मनगट मांडीवर घेतलं.

"कात्री," त्या म्हणाल्या. "ती डावऱ्या माणसाची आहे. पाती उलटी बसवलेली असतात. उजव्या हाताने धरली की रेघ दिसत नाही, म्हणून तू मनगट वाकवतेस. माझे वडील डावरे होते, आमच्या घरी अशीच होती. रोज डाव्या बाजूला ठेवत होते मी."

सुनेने उठून कात्री आणली, डाव्या हातात धरली आणि खडूने आखलेला कापडाचा तुकडा कापला. अनभ्यस्त हाताने, पण खडूची रेघ लख्ख दिसत होती. तिने ती कात्री नवऱ्यासमोर ठेवली. त्याने लोखंडाबद्दल काहीच म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो दुकानात जाऊन नवी कात्री घेऊन आला. बायकोला त्याने सोबत नेलं होतं, आणि विकत घेण्याआधी कात्री तिच्या हातात चालवून पाहिली होती. दोन वर्षांचं दुखणं पूर्ण जायला वेळ लागला, पण गणवेश वेळेवर गेले. चार बोल्ट त्याने एका डबीत जपून ठेवले, कधी मशीन विकायची वेळ आली तर लागतील म्हणून.

"आई, आता खरं सांग," नवी कात्री आणली त्या संध्याकाळी तो म्हणाला, "जुनी वस्तू स्वस्त पडते की नाही?"

"पडते रे. फक्त वस्तू आणताना तिच्या पहिल्या माणसाचं बोलणंही सोबत आणावं. ते फुकट असतं, म्हणून आपण तिथंच सोडून येतो."

सुनेला हे इतकं पटलं, की तिचे डोळे भरून आले. एवढं शहाणपण घरात असून आपण ते वाया घालवलं, असं तिला वाटलं. तिने सासूबाईंचे हात हातात घेतले.

"आई, आजपासून तुम्ही मनात काही ठेवायचं नाही. मी विचारते. लग्न झाल्यापासून जे जे सांगायचं राहिलंय ना, ते सगळं सांगा."

"सगळं?"

"सगळं."

सासूबाईंनी माळ देव्हाऱ्यात ठेवली. वाचनालयातली एक खुर्ची ओढून त्या नीट ऐसपैस बसल्या आणि सुनेसाठी समोर दुसरी ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी पडद्यांपासून सुरू करू."