मुरुडकर शेषेरावांनी माहूरच्या पायऱ्या सर केल्या, त्याची हकीकत

श्रीरेणुकामातेचे स्मरण करून लिहिणार लिहितो की, मुक्काम मुरुड, जिल्हा लातूर, येथील राजमान्य राजश्री शेषेराव, सोयाबीनप्रांताचे अधिपती, उमर साठ, यांची मोहीम जैसी जाहली तैसी सांगतो. तिखटमीठ लावले नाही, पैकी मिठास तर हुकुमानेच मनाई आहे.

गतसाली खाशांची स्वारी सौभाग्यवती सिंधुबाईसाहेबांसह माहुरास दर्शनास गेली आणि निम्म्या पायऱ्या चढताच छातीवर धोंडा ठेवल्यासारखे जाहले, मग स्वारी पायरीवरच बसली आणि लग्नापासून दरसाल जोडीने भरलेली देवीची ओटी बाईसाहेबांनी एकटीने भरली. शेषेरावांस तेच फार लागले.

मग लातुरास हकिमांकडे कूच जाहले. हकिमांनी यंत्रे लावून निदान केले की, काळजास रसद नेणाऱ्या धमन्या आतून थर धरून कडक आणि अरुंद जाहल्या, जैसी ठिबकची नळी क्षाराने चोंदते. गोळ्या दिधल्या आणि फर्मान काढले की तंबाखू बंद, मीठ-तेल कमी आणि रोज चालणे.

येथे शेषेरावांची अक्कल शेतात गेली. ठिबकच्या नळ्या ॲसिड सोडून साफ होतात हे त्यांस ठाऊक. तेव्हा आंबटासच कामगिरीवर धाडावे ऐसा मनसुबा करून रोज चार लिंबांचा रस पोटी रवाना केला आणि नळी धुतलीच आहे म्हणून पाठोपाठ बसस्थानकावरील मिरचीचे भजे बिनदिक्कत पोटात सोडले. महिन्याने जिवलग दोस्त चांदपाशा शिंपी पायजम्याचे माप घेता चिंतातुर जाहले आणि खबर थेट बाईसाहेबांस पोचली: "भाभी, कंबर दोन बोटं वाढून राहिली. ह्यो लिंबावर भजे खाऊन राहिला."

पुन्हा लातूर. हकीम आधी हसले, मग गंभीर होऊन बजावते जाहले की, साचलेले ऐसे धुऊन निघत नाही. वाढू न देणे हेच आपल्या हाती, आणि तेही रोज.

तेव्हा बाईसाहेबांनी कारभार हाती घेतला. लोणच्याची बरणी कुलूपबंद जाहली, तंबाखूची पुडी चुलीत गेली, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी यांस मनसब मिळाली, आणि चांदपाशा रोज पहाटे दारी येऊन शेषेरावांस शिवारापावेतो झपाझप चालवू लागले. प्रथम मासी भज्यांच्या वासाने शेषेराव तीनदा फितूर होऊ पाहिले. तीनदाही चांदपाशांनी बाही धरून पुढे ओढले, आणि त्याच भरात आपली विडीही सोडली.

साल उलटले. हकिमांनी तपासून परवानगी दिधली, मग फौज, म्हणजे हे तिघे आणि पाण्याची बाटली, माहुरास पोचली. शेषेराव दमादमाने चढले आणि गतसालच्या त्याच पायरीवर थांबले. खालून येणाऱ्या बाईसाहेबांचा चेहरा उतरला.

"काय होऊन राहिलं? बसता का?"

"न्हाई. तू लई मागं राहिलीस, तुझी वाट बघून राहिलो."

परतताना भज्यांची कढई आडवी आली. शेषेरावांनी तीस दुरून मुजरा केला आणि स्वारी पुढे गेली. सदर फत्ते चांदपाशांच्या टेपेच्या साक्षीने नोंदली ती येणेप्रमाणे: कंबर चार बोटे कमी, मोहीम रोज पहाटे जारी, आणि ओटी जोडीने भरली.