संपतरावांचं निव्वळ वजन

रामदासने भल्या सकाळी दारात तीन क्रेट काकड्या उतरवल्या आणि प्रेमलाताईंनी कपाळावर हात मारला.

"वहिनी, संपतला कच्चं खाऊ घाला. ताकद येतीय!"

"अहो भाऊजी, ह्यांना ब्लड कॅन्सर आहे. किमोमुळे साधा जंतूही सोसत नाही. कच्चं बंद. स्वच्छ धुतलेलं, नीट शिजवलेलं, गरम गरम, एवढंच चालतं."

मार्केट यार्डात तीस वर्षं संपतरावांच्या शेजारी गाळा असलेला रामदास हिरमुसला. दुसऱ्या दिवशी तो बावीस दुधी घेऊन हजर झाला. "हे तर शिजवायचंच असतंय न्हवं?"

खरी अडचण वेगळीच होती. संपतराव जेवतच नव्हते. औषधांनी तोंडाला लोखंडाची चव आली होती. वजन एकावन्नवर उतरलं होतं आणि डॉ. शेफालींनी स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा दिवसांत बावन्न भरलं तरच पुढचा डोस, नाहीतर पुढे ढकलावा लागेल. त्या काळजीने प्रेमलाताईंचं स्वतःचंही वजन दोन किलोंनी उतरलं होतं.

बावीस दुधी टाकणार कुठे? प्रेमलाताईंनी चणाडाळ घालून भाजी केली आणि रामदासलाच बाहेरच्या ओट्यावर बसवलं. "आणलेत ना? आता खा."

खिडकीच्या आत संपतराव ताटाकडे पाठ करून बसले होते.

"वा वहिनी! असला दुधी जन्मात खाल्ला नाय!" रामदासने तिसरी भाकरी मागितली.

संपतराव गर्रकन वळले. "तीस वर्षं धंद्यात माझ्यापुढे गेला नाही, आता जेवणात जातो काय? वाढ गं मला!"

त्या दिवशी अर्धी भाकरी गेली, दुसऱ्या दिवशी एक. मग रोज सामना रंगू लागला. दुधीची थालीपीठं झाली, खीर झाली, कोफ्ते झाले. दुधीचे इतके प्रकार होतात हे दुधीलाही ठाऊक नसावं.

पंधरा दिवस भरले त्या सोमवारी संपतराव दवाखान्यातल्या काट्यावर चढले. बावन्न किलो नऊशे! पण डॉक्टरांची नजर त्यांच्या लोंबणाऱ्या खिशावर गेली.

"काका, खिशात काय आहे?"

गाळ्यावरचं अर्धा किलोचं लोखंडी वजन बाहेर आलं. प्रेमलाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, आयुष्यभर काट्यात खोट केली नाहीत तुम्ही!"

"डोस पुढे गेला असता तर?" संपतराव खाली बघत म्हणाले. "भीती वाटली मला."

डॉक्टरांनी पुन्हा काट्याकडे पाहिलं आणि त्या हसू लागल्या. "उगाच चोरी केलीत, काका. बावन्न चारशे. डोस उद्याच."

बाहेर रामदास येरझाऱ्या घालत होता. "किती भरलं?"

"बावन्न किलो चारशे," संपतराव गाळ्यावरच्या आवाजात गरजले. "निव्वळ!"

सगळा दवाखाना वळून बघू लागला. रामदासने रुमालाने डोळे पुसले आणि प्रेमलाताईंना बाजूला घेतलं.

"वहिनी, आता एक मेहरबानी करा. उद्यापासनं दुधी बंद. मला ल्हानपणापासनं त्याचा वाससुदिक सहन होत नाय."